घास ठेवायची खानावळ

३ ऑगस्ट १९०८, सोमवार. मनिला.

आलो एकदाचा! बातांगासची बोट सकाळी धक्क्याला लागली, आणि दुपारच्या जेवणाआधी मी, फाउस्तो दिमायुगा, वय एकोणतीस, गावच्या दवाखान्यातला कारकून, या शहराचा सरकारी अन्न-तपासनीस झालो. खाकी कोट मिळाला. खांद्यात सैल, पोटाशी घट्ट. हा ज्याच्या मापाने शिवला तो माणूस कसा असेल देव जाणे. शिवाय पितळी बिल्ला, जंतू मारायच्या कार्बोलिकची बाटली, नियमांचं पुस्तक आणि दुकानं बंद करायचे छापील कागद. त्यावर माझी सही झाली की दुकान बंद. एक कागद उगाचच सही करून पाहावा असा मोह झाला, आवरला.

तोंडो वस्तीत आलिंग मोनिका, म्हणजे मोनिकाबाई, नावाच्या विधवेकडे माडीवरची खोली घेतली आहे. खाली ती, तिचा म्हातारा सासरा आणि दोन मुलगे. बाई बडबडी, पण हाताला चव आहे. सुकी मासळी आणि भात समोर ठेवून माझी सगळी वंशावळ विचारून घेतली. सांगितलं की बायको तार्सिला आणि मुलगी बिनिंग एकोणतीस तारखेच्या बोटीने येणार, तोवर दोन खोल्यांचं घर शोधायचं आहे.

पोराचं मात्र सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या पटकीत आमचा पहिला मुलगा गेला. बाजारातल्या उघड्या मिठाईनं. दोन दिवसांत. तेव्हापासून माशी दिसली की माझं डोकं फिरतं. आता बिनिंग चार वर्षांची आहे आणि हे शहर तिच्या येण्याआधी मी घासूनपुसून ठेवणार आहे.

५ ऑगस्ट

काम आवडलं. आमचे अमेरिकन साहेब उंच, अबोल, घामाने कायम भिजलेले. त्यांच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा आहे. पटकीचा रोगी सापडला की तिथे लाल टोकाची टाचणी. रोज सकाळी आधी नकाशा पाहायचा, मग फेरी.

माझ्याबरोबर ब्राउलियो आहे, अकरा वर्षांचा जुना तपासनीस. पोट सुटलेला, मिशा पिळलेल्या, जिभेला हाड नाही. मी पहिल्याच दुकानात झाकण नसलेल्या भातावरून पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं, तर मला विचारतो, तुमच्या बातांगासात माशा परवानगी घेऊन बसतात का? दुकानदारासकट सगळे हसले. हसोत बापडे. भात झाकला गेला, हे खरं.

आज बावीस दुकानं झाली. कापून ठेवलेली फळं फेकली, हाताने भात वाढणाऱ्या तिघींना पळी घ्यायला लावली.

७ ऑगस्ट

दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर एक खानावळ आहे. बांबूच्या भिंती, निपाच्या पानांचं छप्पर, आत एकच लांबलचक बाक. आलिंग उर्सुला नावाची साठीची बाई ती चालवते. बारीक, ताठ, कमरेला ओलं फडकं.

गिऱ्हाईक सगळं मयताचं. आपल्याकडची रीत तर गावातही आहे: मयताहून परस्पर घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे गेलेला माणूस मागे लागला असेल तर तिथेच थांबतो. आमच्या गावात लोक कुणाच्याही ओट्यावर टेकतात. इथे सगळे हिच्याकडे. येतात, आल्याचा काढा किंवा पातळ पेज घेतात, दारात कपडे झटकतात आणि मागे न बघता चालू लागतात. आणि प्रत्येक जण वाटीत एक घास ठेवून जातो.

हे घास ती बाई टाकून देत नाही! बाकावर उष्ट्या वाट्यांची रांगच्या रांग दिवसभर उघडी. आणि या दिवसांत मयतं कसली, सगळी पटकीची. मी कपाळावर हात मारला. हा तर साथीचा कारखाना. ब्राउलियोला म्हटलं, अकरा वर्षं डोळे मिटून फिरत होता काय? तो बाहेर रस्त्यावरच उभा होता. म्हणाला, इथे आपण फक्त खिडकीतून बघतो.

एक गोष्ट खरी, उघड्या पेजेवर एकही माशी नव्हती. कार्बोलिक वगैरे ती वापरत नसावी, वास नव्हता. बघायला हवं.

८ ऑगस्ट

पुन्हा गेलो, आतच गेलो. वाट्या रिकाम्या करायचा हुकूम दिला. उर्सुलाबाई भांडली नाही. उलट समजावत राहिली, शेजारच्या शिकलेल्या पण बावळट पोराला समजवावं तशी. म्हणाली, ही उपाशी माणसं आहेत. आजारपणात कुणाच्या पोटात पाणी टिकलं नाही, तशीच गेली. इथे घास मिळतो म्हणून इथे बसतात. नाहीतर कुणाच्या तरी ताटावर जाऊन बसतील.

मग जरा थांबून म्हणाली, "वाट्यांचं एक वेळ सोडा साहेब. पण ही जागा क्षणभरही रिकामी ठेवायची नसते. इथे जिवंत माणूस बसलेलं पाहिजे. एकोणीस वर्षं मी बसले आहे."

दोन गल्ल्यांपलीकडे तिच्या लेकीचं घर आहे म्हणे. एकोणीस वर्षांत ही तिथे गेलेली नाही. लेकीच्या लग्नाला नाही, नातवंडांच्या बारशाला नाही. मला चीड आली आणि कीवही. एवढं आयुष्य एका बाकापायी घालवायचं!

साहेबांना अहवाल दिला. ते म्हणाले, बंद करा.

१० ऑगस्ट, सोमवार

बंद केली. कागदावर ऐटीत सही ठोकली. मला वाटलं होतं, उर्सुलाबाई त्रास देईल, पायाबिया पडेल. कसलं काय! कागद वाचून दाखवला तेव्हा तिने मला एकच गोष्ट दोनदा विचारली. शेवटी बाहेर कोण पडणार? मी म्हटलं, बाई, नियमच आहे. आधी मालक बाहेर, मग तपासनीस आत सगळीकडे कार्बोलिक मारतो, आणि शेवटी बाहेर पडून दाराला सील लावतो. तिने कमरेचं फडकं सोडून बाकावर ठेवलं, माझ्या हाताचा मुका घेतला आणि रस्त्याला लागली. आधी चालत, मग चक्क पळत. साठीची बाई!

वाट्या मी स्वतः गटारात ओतल्या, सदतीस. बाक धुतला. सील लावलं.

ब्राउलियो वळणावर थांबला होता. घरी जाण्याआधी चिन्याच्या दुकानात चहा घेऊ म्हणाला, आग्रह केला, बाही धरली. मी हसलो. अन्न-तपासनिसाने असल्या समजुती पाळायच्या तर झालंच कल्याण! तडक घरी आलो. मुद्दाम.

११ ऑगस्ट

गंमत झाली. आलिंग मोनिकाने जेवायला पानं मांडली ती टेबलभर. सासरा, मुलगे, ती आणि मी, पाच जण. ताटं मांडलेली सतरा! शेजाऱ्यांकडूनही मागून आणलेली. मुलांनी विचारलं तेव्हा भानावर आली. म्हणाली, इन्स्पेक्टरांबरोबर मंडळी आली होती ना काल? मग स्वतःच हसली.

भात सगळ्यांना कमी पडला. एवढा शिजवला होता, गेला कुठे कळेना.

१३ ऑगस्ट

आज ट्राममध्ये चेंगराचेंगरी होती, पण माझ्या दोन्ही बाजूंची जागा शेवटपर्यंत रिकामी. लोक उभे राहिले, बसले नाहीत. एक म्हातारी तर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला मान लववून पुढे गेली.

कोटाला कार्बोलिकचा वास येतो म्हणून असेल.

न्हाव्याकडे गेलो. बोलका माणूस. त्याच्याकडेच काढा घेतला. त्याने कप मांडले तेव्हा मी मोजले नाहीत. मोजायचे नव्हते.

१५ ऑगस्ट

आलिंग मोनिकाचा सासरा आज सकाळी गेला. रात्रीपर्यंत धडधाकट होता. पटकी. मी स्वतः घर तपासलं होतं, पाणी उकळलेलं, अन्न झाकलेलं, एक माशी नाही. नियमांच्या पुस्तकात शिकवतात तसं घर. माझी मान शरमेने खाली गेली.

संध्याकाळी थोरला मुलगा आडवा झाला.

१७ ऑगस्ट

दोन्ही मुलगे गेले. आलिंग मोनिका इस्पितळात, आशा नाही. मी खोली सोडली. न्हाव्याच्या दुकानाला कुलूप आहे. विचारलं. काल पुरला.

१८ ऑगस्ट

साहेबांच्या नकाशासमोर आज एकटा उभा होतो. सवयीनं टाचण्यांवरून बोट फिरवत गेलो. वळणापासून तोंडो. तोंडो ते न्हावी. न्हावी ते वाण्याचं दुकान, जिथे मी बुधवारी भजी खाल्ली. तिथून ट्रामचा थांबा. थांब्यावरची कॉफीवाली.

बोट चालत होतं तसा मी चाललो आहे. जिथे बसून खाल्लं, तिथे टाचणी. जिथे नुसता उभ्या उभ्या डोकावलो, तिथे काही नाही.

दहा तारखेच्या आधी त्या वाटेवर एकही टाचणी नव्हती.

साहेबांना सांगितलं. ते दचकले नाहीत, उलट खूश झाले. म्हणाले, काही माणसं स्वतः आजारी न पडता रोग वाहतात, नवा शोध आहे. माझी तपासणी करवली.

१९ ऑगस्ट

तपासणी स्वच्छ. माझ्यात काही नाही. साहेब म्हणाले, थकला आहेस, दोन दिवस घरी पड.

घरी! कुठल्या?

तार्सिलाला तार केली, येऊ नकोस. दुपारी सासऱ्यांची उलट तार आली. ती बिनिंगला घेऊन कालच बहिणीकडे लेमेरीला गेली, तिथूनच परस्पर बोटीवर चढणार. लेमेरीला तारघर नाही. दहा दिवस उरले.

२१ ऑगस्ट

रस्त्यावर राहतो. चालत खातो, उभ्याने झोपतो, भिंतीला टेकून. कुणी दया येऊन ओट्यावर बस म्हणालं की पळतो.

आज पाय राहिले म्हणून चर्चमध्ये बसलो. प्रार्थना चालू होती, वाटलं इथे तरी. पाद्री प्रसाद देत रांगेतून आले. मला दिला. मग माझ्या पलीकडे काही नव्हतं, तिथे थांबले. हात पुढे केला. पुन्हा एक पाऊल, पुन्हा हात. ताटली रिकामी होईपर्यंत. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी देत राहिले.

२२ ऑगस्ट

पाद्री गेले.

मी मारले. हे लिहून ठेवतो. मी. शहर घासूनपुसून ठेवायला निघालो होतो.

उर्सुलाबाईच्या लेकीकडे गेलो, उंबऱ्याबाहेर रस्त्यातच गुडघे टेकले. म्हातारी खिडकीत होती, मांडीवर नातवंड. मला पाहून तिने त्याचा चेहरा पदराआड घेतला. मी म्हटलं, परत या, कागद फाडतो, नोकरी गेली तरी चालेल. ती रडली. खरंच रडली. मग म्हणाली, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं, बाळा. झाडायला म्हणून ठेवलं होतं मला. मालकीण म्हणाली, मी पुढे होते, तू दार ओढून घे."

आणि खिडकी लावून घेतली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सही माझी. सील माझं. शेवटी बाहेर पडलो तोही मीच.

२३ ऑगस्ट

माझंच सील माझ्या हातांनी तोडलं. आत आलो. पेज शिजवली, वाट्या मांडल्या, सदतीस पुरल्या नाहीत, नारळाच्या करवंट्या घेतल्या. बाकाच्या टोकाला बसलो.

खांद्यावरचं ओझं उतरलं. एकदम. तेरा दिवसांत पहिल्यांदा मान वळवता आली. बाक मात्र करकरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिचं फडकं अजून ओलं आहे.

२५ ऑगस्ट

लोक यायला लागले. कुणी काही विचारत नाही. पेज घेतात, घास ठेवतात, झटकतात, जातात. बाकावर दाटी होते आहे.

ब्राउलियो रस्त्यापलीकडून ओरडून बोलतो. दोन दिवसांत एकही नवी टाचणी नाही म्हणाला. त्याने साहेबांना मी बेपत्ता झाल्याचं सांगितलंय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, लपवायला मिशा पिळत होता. त्याला विनवलं, एकोणतीसला धक्क्यावर जा. सांग, मी मेलो. त्यांना त्याच बोटीने परत पाठव.

दारापर्यंत गेलो, अंगणात पाऊल टाकून बघावं म्हणून. मागे बाक करकरला. सगळे एकदम उठल्यासारखा.

परत बसलो.

२७ ऑगस्ट

एक घास कमी पडला तर कळतं. वाटी आपोआप सरकते, माझ्याकडे.

एकोणीस वर्षं. तिने एकोणीस वर्षं कशी—

निदान बिनिंग वाचेल. लेमेरीत मोठी होईल. मी इथे बसेन. हा हिशेब मला मान्य आहे. देवा, मान्य आहे. फक्त तिला इकडे आणू नकोस.

२९ ऑगस्ट, शनिवार

बोटीचा भोंगा ऐकला. ब्राउलियो गेला असेल. आता परत चढवत असेल त्यांना.

दुसरा भोंगा अजून नाही.

दुपार. रस्त्यावर ब्राउलियो. मागे तार्सिला. कडेवर—

ओरडलो. थांब तिथे. ती ऐकत नाही. ब्राउलियो सांगतो, मेला म्हटलं तर म्हणाली, मग मयत दाखव. बातांगासची बायको! आता मला जिवंत पाहून हसते आहे, रडते आहे, दार ढकलते आहे—

आत आली. मी बाकावरून उठलो नाही. वही मांडीवर घेतली आहे, लिहीत राहीन म्हणजे उठणार नाही. ती हात ओढते. घरी चला. मी मान हलवतो. वेड लागलं का म्हणते. लागू दे. मी बसलेलो आहे, तोवर सगळे इथेच आहेत, तोवर काही होणार नाही, तुम्ही दोघी आलात तशा जा, काही खाऊ नका, झटका आणि—

बिनिंग कुठे?

बिनिंग बाकाच्या त्या टोकाला. वाट्यांसमोरून चालते आहे, एकेकीपाशी थांबत. वर बघते. मान लववते. कुणाचा तरी हात धरून कपाळाला लावून घेते, आशीर्वादाला म्हाताऱ्यांचा घेतात तसा. हवेतला हात.

तार्सिलाने माझा हात सोडला आहे.

बिनिंग विचारते, बाबा, या सगळ्यांच्या पायांत जोडे का नाहीत? पुरताना काढून घेतात, मी कसं सांगू. इकडे ये, बिनिंग. ये. बोलू नकोस त्यांच्याशी.

ती म्हणते, पण त्यांना भूक लागली आहे.

ती म्हणते, एवढ्याशा घासाने काय होणार.

तार्सिलाने चांगलं वळण लावलं आहे पोरीला. दाराशी उपाशी माणूस दिसला तर—

नको. बिनिंग, नको म्हण. नको म्हणालीस असं सांग त्यांना—

"मी त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, बाबा. सगळे हो म्हणाले."

बाक करकरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी बसलेलो आहे. मी बसलेलो आहे आणि बाक हलका झाला आहे. पोर दाराकडे निघाली, दोन्ही हात वर धरून, दोन्ही हात कुणीतरी धरल्यासारखे, तार्सिला धर तिला, धर, मी उठतो, मी येतो, बोलावल्याशिवाय उठताच येत नाही, बिनिंग मागे बघ, बाबाला बोलाव, मलाही बोला—